कॅज्युअल्टीतला वेळ कुठे जातो

अ‍ॅट्रोपिनच्या एका अँप्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम औषध असतं. पिकावर मारायचं ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशक प्यायलेला माणूस कॅज्युअल्टीत येतो, तेव्हा त्याच्या तोंडाला फेस असतो, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक झालेल्या असतात, कपडे घामाने ओले असतात आणि छातीतली घरघर दोन पावलांवरून ऐकू येते. फुप्फुसं स्वतःच्याच स्रावाने भरत चाललेली असतात. पहिला डोस तीन अँप्युलचा. पाच मिनिटं थांबायचं, छातीला स्टेथोस्कोप लावायचा, नाडी मोजायची, रक्तदाब बघायचा. छाती मोकळी झाली नसेल तर डोस दुप्पट, म्हणजे सहा अँप्युल. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा छाती, नाडी, रक्तदाब. मग बारा. मग चोवीस. पाऊण तासही झालेला नसतो आणि काचेच्या पंचेचाळीस अँप्युल कोणीतरी एकेक करून फोडलेल्या असतात, सिरिंजमध्ये ओढलेल्या असतात, शिरेतून दिलेल्या असतात आणि प्रत्येक डोसची वेळ केसपेपरवर लिहिलेली असते. हे काम बहुतेक वेळा सिस्टरांचं. त्या वेळात त्यांचे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे त्या एकाच माणसाचे असतात.

हे असंच का करायचं, याचं उत्तर बांगलादेशातून आलं. चितगावच्या मेडिकल कॉलेज रुग्णालयात दोन पद्धती समोरासमोर ठेवून पाहिल्या गेल्या आणि २०१२ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीत ठरलेला डोस ठरावीक अंतराने द्यायचा. नव्या पद्धतीत डोस झपाट्याने वाढवत न्यायचा आणि छाती मोकळी झाली की सलाईनमधून चालू ठेवायचा. जुन्या पद्धतीत रुग्ण औषधाच्या पूर्ण अंमलाखाली यायला सरासरी १५२ मिनिटं लागली. नव्या पद्धतीत २४. जुन्या पद्धतीने उपचार झालेल्या ८० रुग्णांपैकी १८ दगावले, नव्या पद्धतीच्या ७५ पैकी ६. औषध तेच, किमतीला स्वस्त, आपल्याकडच्या छोट्या सरकारी दवाखान्यातही असणारं. बदललं ते इतकंच, की सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं कोणीतरी त्या खाटेपासून हललं नाही.

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जीव गेले. तेव्हा चर्चा झाली ती कीटकनाशकांवर बंदीची, फवारणीच्या पंपांची, हातमोज्यांची आणि मास्कची. ती व्हायलाच हवी होती. पण एकाच आठवड्यात असे रुग्ण रांगेने येतात तेव्हा तिथल्या कॅज्युअल्टीत हातांचं गणित काय होतं, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतो आहे. एका रुग्णाला चोवीस मिनिटं अखंड हवी असतील, तर चार रुग्णांना किती सिस्टर हव्यात? आणि कुठल्याही साध्या मंगळवारी, कुठल्याही कॅज्युअल्टीत, डॉक्टरला किंवा सिस्टरला सलग चोवीस मिनिटं मिळतात का?

मिळत नाहीत. हे नुसतं मत नाही, घड्याळ लावून मोजलेलं आहे.

अशा मोजणीची पद्धत अगदी साधी आहे. एक निरीक्षक हातात कागद आणि घड्याळ घेऊन डॉक्टरच्या किंवा नर्सच्या मागे मागे फिरतो आणि प्रत्येक मिनिटाला ती व्यक्ती काय करते आहे, ते टिपून ठेवतो. अमेरिकेत १९९८ साली 'अ‍ॅनल्स ऑफ इमर्जन्सी मेडिसिन' या नियतकालिकात आलेल्या अशा पाहणीत दिसलं, की इमर्जन्सी विभागातल्या डॉक्टर-नर्सांचा सरासरी ३२ टक्के वेळ प्रत्यक्ष रुग्णाजवळ जातो. ४७ टक्के वेळ रुग्णासाठीच, पण रुग्णापासून दूर: नोंदी, फोन, रिपोर्ट वाचणं, दुसऱ्या विभागाशी बोलणं. उरलेले २१ टक्के रुग्णाशी संबंध नसलेल्या कामांत आणि थोड्या विश्रांतीत. पुढे सगळं संगणकावर गेलं. २०१३ साली अमेरिकेतल्याच एका सामुदायिक रुग्णालयात पुन्हा मोजलं तेव्हा डॉक्टरांचा रुग्णाजवळचा वेळ २८ टक्के भरला आणि संगणकात माहिती भरण्याचा ४३ टक्के. गर्दीच्या दहा तासांच्या पाळीत एक डॉक्टर माऊसवर जवळपास ४००० वेळा बोट दाबतो, असा हिशेब त्या अभ्यासाने मांडला.

आणखी महत्त्वाचा आकडा आहे तो कामात येणाऱ्या व्यत्ययांचा. इंडियाना राज्यातल्या तीन इमर्जन्सी विभागांत झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत डॉक्टरांना तीन तासांत सरासरी ३१ वेळा कोणी ना कोणी मध्येच थांबवलं. त्यांतल्या २१ वेळा हातातलं काम सोडून दुसरीकडे वळावं लागलं. सिडनीतल्या एका मोठ्या शिक्षण रुग्णालयात चाळीस डॉक्टरांच्या मागे दोनशेहून जास्त तास फिरून केलेला अभ्यास २०१० साली आला. त्यात व्यत्यय थोडे कमी होते, ताशी साडेसहाच्या आसपास. पण त्या संशोधकांनी पुढचीही गोष्ट मोजली: मध्येच सोडलेल्या कामाकडे डॉक्टर परत येतात का? सुमारे १८ टक्के कामांकडे ते परत आलेच नाहीत. लिहायचं राहिलेलं औषध राहिलं, विचारायचा राहिलेला प्रश्न राहिला.

इंडियानाचा हिशेब धरला तर दर सहा मिनिटांनी एक व्यत्यय. म्हणजे अ‍ॅट्रोपिनच्या त्या चोवीस मिनिटांत चार वेळा कोणीतरी खांद्यावर हात ठेवणार.

हे सगळे आकडे परदेशातले आहेत, आणि ते आपल्याकडे जसेच्या तसे लावणं चूक ठरेल. तिथे ट्रॉली ढकलायला माणूस असतो, रक्ताचे नमुने न्यायला यंत्रणा असते, नातेवाइकांना बसायला वेगळी खोली असते. आपल्या सरकारी रुग्णालयांत निरीक्षकाने घड्याळ लावलं, तर त्याला कागदावर काही रकाने नव्याने आखावे लागतील.

पहिला रकाना नाव लिहिण्याचा. रुग्णाचं नाव, वय, लिंग, नोंदणी क्रमांक केसपेपरवर येतो. मग एक्स-रेच्या चिठ्ठीवर, सीटी स्कॅनच्या अर्जावर, रक्त तपासणीच्या प्रत्येक फॉर्मवर, नमुन्याच्या प्रत्येक बाटलीवर. रक्त लागणार असेल तर रक्तपेढीच्या मागणीपत्रावर. संमतीपत्रावर. औषधाच्या इंडेंटवर. दुसऱ्या विभागाच्या डॉक्टरला बोलवायचं तर कॉलवर. प्रकरण पोलिसांचं असेल तर एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल प्रकरणांच्या रजिस्टरमध्ये आणि पोलिसांना द्यायच्या सूचनापत्रात. आणि शेवटी, वॉर्डात हलवताना सिस्टरांच्या रिपोर्ट बुकात. संगणक आलाय अशा ठिकाणीही बऱ्याचदा कागद गेलेला नाही, दोन्ही भरावं लागतं. मेडिकल कॉलेजमध्ये यातला मोठा भार इंटर्न उचलतात. साडेचार वर्षं शरीरशास्त्र ते शल्यचिकित्सा शिकलेला मुलगा किंवा मुलगी रात्रभर तेच नाव लिहीत असते, आणि मध्ये मध्ये नमुना घेऊन लॅबकडे पळत असते.

दुसरा रकाना शोधण्याचा. ट्रॉली शोधणं. ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी शोधणं. चालू स्थितीतलं सक्शन मशीन, चार्ज असलेला मॉनिटर, तुटलेली नसलेली सलाईन स्टँड शोधणं. आणि या सगळ्यांत जीवघेणं म्हणजे व्हेंटिलेटरची खाट शोधणं. रुग्णाच्या नळीला अँब्यू बॅग लावलेली असते, ती कोणीतरी हाताने दाबत असतं. बऱ्याचदा इंटर्न, कधी सिस्टर, कधी नाइलाज म्हणून शिकवून उभा केलेला नातेवाईकच. आणि रजिस्ट्रार फोनवर एकेका आयसीयूला विचारत असतो. मिनिटाला दहा-बारा वेळा पिशवी दाबायची, असं तासन् तास. या फोनला आणि या हाताला कुठल्याही वार्षिक अहवालात जागा नाही. अहवालात फक्त एवढं येतं, की या वर्षी विभागात इतके रुग्ण तपासले.

तिसरा रकाना वाहून नेण्याचा. वॉर्डबॉय मामा आणि आया मावशी नसतील, किंवा असून एकच असेल आणि तो शवागाराकडे गेला असेल, तर सीटी स्कॅनपर्यंत ट्रॉली ढकलणार कोण? नातेवाईक, आणि रुग्ण अस्थिर असेल तर बरोबर डॉक्टर. १०८ची रुग्णवाहिका आली आणि विभागात ट्रॉली मोकळी नसेल, तर रुग्ण रुग्णवाहिकेच्याच स्ट्रेचरवर राहतो. तेवढा वेळ ती गाडी, तिचा चालक, तिच्यातला डॉक्टर सगळे दारात अडकतात आणि तिकडे दुसरा कॉल वाट बघत असतो. २०१४च्या जानेवारीत ९३७ गाड्यांनिशी ही सेवा महाराष्ट्रात सुरू झाली. रस्त्यावरचा वेळ तिने खरोखर कमी केला. पण रस्त्यावर वाचवलेली मिनिटं दारातल्या ट्रॉलीपाशी खर्च होत असतील, तर त्या रुग्णाच्या पदरात काय पडलं?

लेखन म्हणजे वाया गेलेला वेळ, असं मात्र मी म्हणणार नाही. काही लेखन हा थेट उपचाराइतकाच रुग्णाचा हक्क आहे, आणि ते सर्वांत जास्त खरं आहे एमएलसीच्या बाबतीत. अपघात, मारहाण, भाजणं, विषबाधा, संशयास्पद मृत्यू हे सगळं मेडिको-लीगल. रुग्ण किती वाजता आला, कोणी आणला, काय झालं असं सांगितलं, ओळखीच्या दोन खुणा, प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी, ती ताजी आहे की जुनी, धारदार वस्तूने झाली की बोथट. पोट धुतल्यावर निघालेलं पाणी सील करून पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, पोच घ्यायची. हे नीट लिहिलेलं असेल तर चार वर्षांनी एखाद्या बाईला न्याय मिळतो. घाईत लिहिलेलं असेल, तर आरोपीचा वकील त्याच कागदावर बोट ठेवतो आणि तोपर्यंत बदली झालेल्या डॉक्टरला तालुक्याच्या कोर्टात उभं राहून त्या एका ओळीचं उत्तर द्यावं लागतं.

या कामात कायद्याने डॉक्टरला एक गोष्ट स्वच्छ सांगितली आहे. एका स्कूटरस्वाराला गाडीने उडवलं, जवळच्या रुग्णालयाने मेडिको-लीगल प्रकरण म्हणून त्याला वीस किलोमीटर लांबच्या रुग्णालयात न्यायला सांगितलं आणि तो वाटेतच गेला. या बातमीवरून परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८९च्या त्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की जीव वाचवणं पहिलं, कागद आणि पोलीस नंतर, आणि हे बंधन सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरवर आहे. कॅज्युअल्टीतले डॉक्टर हे पाळतातही. पण उपचार आधी केला म्हणून कागद कमी होत नाही. तो फक्त मागे सरकतो, आणि पाळी संपल्यावर लिहिला जातो.

भाजलेल्या रुग्णाचा मृत्यूपूर्व जबाब हा यातला सर्वांत अवघड भाग. नायब तहसीलदार किंवा पोलीस येतात, रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे का, असं विचारतात. डॉक्टरने तपासून तसं लिहून द्यायचं, बहुतेक वेळा जबाब संपेपर्यंत तिथे थांबायचं, आणि शेवटी रुग्ण पूर्ण वेळ शुद्धीत होता असं पुन्हा लिहायचं. 'लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या २००२च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की डॉक्टरचं प्रमाणपत्र नसलं म्हणून जबाब आपोआप बाद होत नाही. तरीही ते प्रमाणपत्र घेतलं जातं, घेतलं जाणं योग्यही आहे. सत्तर टक्के भाजलेली तरुण बाई, वेदनेवरचं औषध किती द्यायचं की ती बोलू शकेल पण तळमळणार नाही, दाराशी सासर-माहेर दोन्हीकडची माणसं, आणि मध्ये उभा चोविशीतला डॉक्टर. हा अर्धा तास कुठल्या रकान्यात धरायचा? मला तो रुग्णसेवेतच धरावासा वाटतो. वेळेचं विश्लेषण करणाऱ्या तज्ज्ञांनी असे तास 'अप्रत्यक्ष' म्हणून बाजूला काढू नयेत.

नातेवाइकांशी बोलण्याचंही तसंच. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर-सिस्टरांना दिवसभरात सर्वाधिक ऐकू येणारी वाक्यं सगळ्यांना माहीत आहेत. "डॉक्टर, आमच्या पेशंटला बघा ना." "सिस्टर, सलाईन संपलं." "मॅडम, रिपोर्ट आला का?" सिडनी आणि इंडियानाच्या निरीक्षकांनी यांना व्यत्यय म्हणून मोजलं असतं. पण "सलाईन संपलं" हे सांगणारी बहीण खरं तर सिस्टरांच्या जागी पहारा देत असते, कारण सिस्टर एकट्या आणि खाटा पंधरा. तिला गप्प बसवलं तर शिरेत रक्त उलटं चढेपर्यंत कोणाच्या लक्षात येणार नाही. न सांगितल्यामुळे साचणारा राग मात्र वेगळा, आणि तो फार महागात पडतो. मार्च २०१७मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात अपघातातल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी निवासी डॉक्टरला मारलं, त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली, आणि राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. डॉक्टरांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१०पासूनच होता, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड सांगणारा. त्या संपानंतर सुरक्षारक्षक आले. हवेच होते. पण "मेंदूत रक्तस्राव आहे, मेंदूचे सर्जन इथे नाहीत, म्हणून आम्ही हलवायला सांगतोय, टाळत नाही आहोत" हे बसून, पाणी देऊन, दोनदा सांगायला लागणारी दहा मिनिटं सुरक्षारक्षक देऊ शकत नाही. ती दहा मिनिटं त्या डॉक्टरच्या रात्रीत कुठून आणायची, हे कोणी ठरवलंच नाही.

सिस्टरांच्या वेळाबद्दल बोलताना औषधाकडे वळावंच लागतं, कारण चुकीचा धोका तिथे आहे. सिडनीतल्याच दोन रुग्णालयांत ९८ नर्सांनी दिलेल्या चार हजारांहून जास्त औषधांवर लक्ष ठेवलं गेलं. अर्ध्याहून जास्त वेळा औषध देताना त्यांना कोणीतरी थांबवलं होतं, आणि प्रत्येक व्यत्ययागणिक चुकीची शक्यता बारा टक्क्यांच्या आसपास वाढत होती. मग ऑस्ट्रेलियातल्याच अ‍ॅडलेडच्या एका शिक्षण रुग्णालयात नर्सांना "औषध देत आहे, व्यत्यय आणू नका" असं लिहिलेली जाकिटं घालायला दिली. व्यत्यय कमी झाले, पण नर्सांना ती जाकिटं गरम व्हायची, जड वाटायची, आणि निम्म्यांहून कमी जणी ती पुढे चालू ठेवायला तयार होत्या. आपल्या उन्हाळ्यात तर विचारायलाच नको. औषध देण्याच्या वेळी फोन घ्यायला दुसरं माणूस असणं हा साधा उपाय. त्याला पगार द्यावा लागतो, म्हणून तो सुचत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचे निकष सांगतात, की शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. हा झाला साधा वॉर्ड. ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचं असतं. रात्री तिथे बहुतेक ठिकाणी एकच वैद्यकीय अधिकारी असतो, आणि हाताशी एक-दोन सिस्टर. वॉर्ड त्यांचाच, प्रसूतिकक्षही त्यांचाच, कॅज्युअल्टीही त्यांचीच. गरोदर बाई कळा देत असताना दारात साप चावलेला माणूस येतो.

साप चावल्यावरची मिनिटं कशी जातात, हे जरा सविस्तर सांगायला हवं. घोणस किंवा फुरसं चावलं तर रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायची चाचणी कुठेही करता येते: कोरड्या, स्वच्छ काचेच्या परीक्षानळीत दोन मिलिलिटर ताजं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग नळी एकदा तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विषाचा परिणाम आहे. नळी प्लास्टिकची असेल, धुताना साबण राहिला असेल, कोणी मध्येच उचलून पाहिली, तर उत्तर चुकतं. मण्यार चावली तर रक्त गोठतं, पण पापण्या जड होत जातात, मान टिकत नाही, श्वास थांबू लागतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते आणि दंशाची खूणही धड सापडत नाही. तेव्हा वीस मिनिटं काही न करता रुग्णाच्या डोळ्यांकडे बघत राहणं हेच काम असतं. "वर बघा. अजून वर बघा." प्रतिविष द्यायचं ठरलं की दहा कुप्यांपासून सुरुवात. पावडर प्रत्येक कुपीत दहा मिलिलिटर पाण्यात विरघळवायची, जोरात हलवली तर फेस होतो, म्हणून हळुवार फिरवत राहायचं. दहा कुप्यांना वेळ लागतो. देताना अ‍ॅड्रिनलिन भरलेली सिरिंज शेजारी तयार, कारण पहिल्या काही मिनिटांत अंगावर पित्त उठू शकतं, रक्तदाब कोसळू शकतो. सहा तासांनी काचेच्या नळीची चाचणी पुन्हा. पाहणीच्या कागदावर या मिनिटांपुढे 'निरीक्षण' असा एक शब्द पडेल किंवा काहीच पडणार नाही. दुरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला सिस्टर नुसत्या उभ्या दिसतील.

हातांची ही टंचाई दूर कशी होईल, याची काही उत्तरं आधीच सापडलेली आहेत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात पाच इमर्जन्सी विभागांत डॉक्टरांच्या बरोबर लेखनिक दिले गेले. डॉक्टर तपासणार, बोलणार. लेखनिक लिहिणार, फोन लावणार, रिपोर्ट आला का बघणार. २०१९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार डॉक्टर ताशी तपासत असलेले रुग्ण १.१३ वरून १.३१वर गेले आणि रुग्णाचा विभागातला मुक्काम सरासरी १९ मिनिटांनी कमी झाला. आपल्याकडेही याचं एक रूप आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड, आधार, मंजुरी हा सगळा खटाटोप ते बघतात. ते नसते तर हा भारही निवासी डॉक्टरवर आला असता. मग कॅज्युअल्टीच्या कागदांसाठी, फोनसाठी, व्हेंटिलेटरच्या शोधासाठी चोवीस तास असा माणूस का नको? एमएलसीच्या मजकुराची जबाबदारी डॉक्टरचीच राहील, पण नाव-वय-क्रमांक बारा ठिकाणी उतरवायला एमबीबीएस लागत नाही.

नुसतं वेळेचं बंधन घालून हे साधत नाही, हे इंग्लंडने दाखवलं. तिथे २००४ सालापासून इमर्जन्सी विभागातून रुग्ण चार तासांत बाहेर पडला पाहिजे, असं उद्दिष्ट ठेवलं गेलं. रांगा कमी झाल्या, हे खरं. पण नोंदी तपासल्यावर असंही दिसलं, की मोठ्या संख्येने रुग्ण चार तास संपायच्या आधीच्या शेवटच्या वीसेक मिनिटांत हलवले जात होते. माणसं न वाढवता घड्याळ दिलं की काम घड्याळासाठी होऊ लागतं.

आपल्याकडे उलट टोक आहे: डॉक्टरच्या स्वतःच्या तासांना प्रत्यक्षात बंधनच नाही. निवासी डॉक्टरांनी सलग बारा तासांहून जास्त आणि आठवड्याला ४८ तासांहून जास्त काम सहसा करू नये, असं केंद्र सरकारच्या १९९२च्या निर्देशांत म्हटलेलं आहे. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कार्यगटाने मर्यादा सुचवली ती ७४ तासांची, आणि आठवड्याला एक सुटी. बत्तीस वर्षांत अपेक्षाच सव्वीस तासांनी खाली आली, आणि कित्येक निवासी डॉक्टरांना ७४ तासही दिलासा वाटतील. 'मार्ड' या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या मागण्यांमध्ये हा विषय वर्षानुवर्षं येतो. तीस तास जागं असलेल्या माणसाकडून मण्यारीच्या पापण्यांवर नजर ठेवायची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे, आणि तो अन्याय आधी रुग्णावर होतो.

इमर्जन्सी मेडिसिन हा स्वतंत्र विषय म्हणून भारतीय वैद्यक परिषदेने २००९ साली मान्य केला. त्याआधी कॅज्युअल्टी म्हणजे एक सीएमओ (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर), रुग्णाला पाहून योग्य विभागाकडे पाठवणारा. आता या विषयातले पदव्युत्तर डॉक्टर तयार होताहेत, आणि त्यांनी आपापल्या विभागात पहिलं काम करावं ते वेळ मोजण्याचं, असं मला मनापासून वाटतं. महिनाभर, तिन्ही पाळ्यांत, डॉक्टरांबरोबर सिस्टरांच्या आणि मामा-मावशींच्याही मागे घड्याळ घेऊन फिरा. ट्रॉली शोधण्यात किती गेला, रक्तपेढीच्या खेपांत किती, एकच नाव लिहिण्यात किती. पदं मंजूर करणाऱ्या फायलीवर "कर्मचारी अपुरे" या वाक्याला आता काही वजन उरलेलं नाही. "दर रात्री सिस्टरांचे दोन तास कारकुनी कामात जातात" असा स्वतःच्या रुग्णालयाचा आकडा समोर ठेवला, तर त्याला उत्तर द्यावं लागेल.

तोपर्यंत काही मिनिटं आपल्यासारख्यांच्याही हातात आहेत.  विषबाधेच्या रुग्णाबरोबर औषधाची बाटली किंवा पाकीट आणलं, तर विष ओळखायला वेळ जात नाही. साप मारण्यात आणि पकडण्यात वेळ घालवू नका, चावल्याची वेळ मात्र लक्षात ठेवा. रोजच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. घरच्यांपैकी एकानेच डॉक्टरांशी बोलायचं, बाकीच्यांना त्याने सांगायचं, एवढं दारातच ठरवलं तर पाच जणांना पाच वेळा सांगणं वाचतं. अर्धांगवायूच्या झटक्यात गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास मोजतात रुग्ण शेवटचा ठीक दिसला होता तेव्हापासून. तो क्षण डॉक्टरला कुठल्याही तपासणीतून कळत नाही, घरच्यांनाच सांगावा लागतो. रस्त्यावरच्या अपघातात तर घरचं कोणी नसतंच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आलं. त्याप्रमाणे जखमीला आणून सोडणाऱ्या माणसावर स्वतःचं नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. त्याने अपघात किती वाजता झाला आणि जखमी माणूस मध्ये शुद्धीवर होता का, एवढं सिस्टरांना सांगितलं, तरी डोक्याला मार लागलेल्या त्या रुग्णाच्या उपचाराची दिशा तिथून ठरू लागते.